दोन बोटं

साडेतीन हजार मीटर केबल सोडून झाली.
विंचच्या खुर्चीत मी, एलुतेरिओ होकॉग, रोटा बेटाचा.
पडद्यावर कॅमेऱ्याच्या उजेडात कण उडताहेत,
चाळणीतून पीठ पडावं तसे,
फक्त वरच्या दिशेनं.

शिओमीबाई म्हणतात, सावकाश.
इथं सगळंच सावकाश आहे.
तळ फाटतोय तो वर्षाला दोन बोटं.

आमच्या बेटांच्या पुढ्यात, पूर्वेला, खंदक.
जुना तळ तिथं खाली जातो, न चावता.
आणि पाठीमागे, पश्चिमेला,
सदरा खांद्यांत ओढला की पाठीत उसवतो,
तसं उसवतं.
खालून रस येतो, भेग भरून काढतो
आणि भरलेलंच पुन्हा मधोमध उसवतं.

येतो म्हणजे कधीतरी येतो.
शिओमीबाई बोट उचलून बजावतात: कधीतरी.
जिथं भराभर फाटतं तिथं रसाला खंड नसतो.
इथं तो पिढ्यान्‌पिढ्या फिरकत नाही.
मग ताण कोणी सोसायचा?
कड्यांनी.
एक कडा पुरुषभर खचतो, मग कधीतरी शेजारचा,
आणि दरी खोल होत जाते पायऱ्यापायऱ्यांनी,
कोणी न बांधलेल्या बारवेसारखी.

बाल्बिनामावशीच्या टाचांना अशाच भेगा आहेत.
खोबरेल चोळत ती ऐकत होती, गेल्या सुट्टीत,
मी नकाशा पसरला होता ताटं सारून.
एके काळी बेटांची एकच रांग होती, मी म्हटलं,
ती उभी चिरली. हरभऱ्याची दोन दळं.
एक इथं राहिलं, अजून धुमसतंय.
दुसरं मागे मागे पडत विझलं, बुडालं.
पाण्यावर नाही ते. कागदावर आहे.

तिनं विचारलं, त्याला नाव काय होतं?
मी म्हटलं, तेव्हा माणसंच नव्हती, मावशी.
माणसं नव्हती म्हणून काय झालं, ती म्हणाली,
आणि खोबरेलाच्या बाटलीला बूच लावलं.

तिची इग्नासिया सॅन डिएगोला असते.
आधी दर रविवारी फोन यायचा,
मग सणाला,
मग सण होऊन गेल्यावर.
भांडण नाही झालं कधी.
मावशी दोष देत नाही. पलंग तेवढा
खिडकीपासून भिंतीकडे सरकवलाय तिनं.

थांब, शिओमीबाई ओरडल्या.

पडद्यावर काळी काच.
गाळाचा एक कण नाही तिच्यावर.
उशांवर उशा, फुगलेल्या, गोल, चमकणाऱ्या,
पाहुणे यायच्या आदल्या रात्री
घरभर अंथरूण घालावं तशा,
आणि त्यांच्यावरचं पाणी थरथरतंय,
तव्यावरच्या हवेसारखं.
किती जुनं?
काल नाही. पण परवा असेल, बाई म्हणाल्या.
त्यांचा परवा म्हणजे दहाएक वर्षं.
चहा गार होत होता सगळ्यांचा.

नमुना घ्यायचा हुकूम आला.
हात लिव्हरवर होता माझा.
रानात शिरताना मावशी थांबते,
जुन्यांना हळूच विचारते, येऊ का आत?
मी कधी विचारलेलं नाही. मला हसू यायचं.
मी तोंडातल्या तोंडात विचारलं.
उत्तर आलं नाही. मी दोन क्षण वाट पाहिली
आणि पंजा मिटला.

रात्री तो दगड प्रयोगशाळेत, ताटात.
एवढ्या खोलातून वर आलेला,
आत कोंडलेला वायू सुटायला लागला,
आणि तो तडकू लागला. टक्‌.
बऱ्याच वेळानं, टक्‌.
शिओमीबाईंनी वहीत वेळा टिपल्या,
दोन वाजून चार, दोन वाजून एकोणीस.
पहारा नसतानाही मी बसून राहिलो.
बोलत होता असं मी म्हणणार नाही.
तडकत होता.

मावशीला सांगेन तेव्हा ती विचारेलच,
नाव काय ठेवलंत?
एक क्रमांक आहे त्याला. सात आकडी.
तो मी पाठ केलाय.